फोनला द्यायची स्टँडिंग ऑर्डर

मी म्हैसूरहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त झाल्यावर इथे स्थायिक झालो. आजचा विषय आहे फोनमधले शॉर्टकट. म्हणजे आपण रोज तीच ती जी कामं करतो, ती फोनकडून आपोआप करून घेणं.

'शॉर्टकट' म्हटलं की आम्हा फौजींच्या भुवया वर जातात. आमच्याकडे शॉर्टकट म्हणजे कामचुकारपणा. पण फोनमधला शॉर्टकट ही खरं तर स्टँडिंग ऑर्डर आहे. 'अमुक झालं की तमुक करायचं.' संत्री दर वेळी साहेबाला विचारायला येत नाही. हुकूम आधीच दिलेला असतो.

ही कल्पना काही आजची नाही. अँड्रॉइडवर 'टास्कर' नावाचं ॲप 2010 पासून आहे. आयफोनसाठी 2014 मध्ये 'वर्कफ्लो' नावाचं ॲप आलं, ते 2017 मध्ये ॲपलने विकत घेतलं आणि 2018 मध्ये 'शॉर्टकट्स' या नावाने सगळ्यांना दिलं. आयपॅडवरही तेच चालतं. सॅमसंगचा फोन असेल तर सेटिंग्जमध्ये 'मोड्स अँड रूटीन्स' शोधा. तिथे 'इफ' आणि 'देन' असे दोनच रकाने आहेत. जर आणि तर. इतकं सोपं.

माझ्या घरातली उदाहरणं सांगतो.

पहिलं बॅटरीचं. मुलगी पुण्याला असते. आमचा फोन बंद लागला की तिचा जीव टांगणीला. म्हणून ऑर्डर अशी दिली आहे: बॅटरी 20 टक्क्यांच्या खाली गेली की तिला मेसेज जावा, 'बाबांच्या फोनची बॅटरी संपत आली आहे.' आयफोनवर शॉर्टकट्स उघडा, खाली 'ऑटोमेशन' दाबा, अधिकचं चिन्ह दाबा, 'बॅटरी लेव्हल' निवडा. पुढे 'रन इमिजिएटली' निवडायला विसरू नका, नाहीतर फोन दर वेळी तुमची परवानगी मागत बसेल. मग 'सेंड मेसेज'. पाच मिनिटांचं काम.

दुसरं कन्नडचं. बोलणं जमतं, पण लिफ्टजवळ लावलेली पाण्याची सूचना वाचायला मला वेळ लागतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टच, आणि सगळ्यात खाली 'बॅक टॅप'. आयफोन 8 आणि त्यानंतरच्या बहुतेक फोनवर ही सोय आहे. फोनच्या पाठीवर तीनदा टकटक केलं की गूगल ट्रान्स्लेट उघडेल, असा शॉर्टकट मी तिथे जोडला. कॅमेरा सूचनेवर धरला की अर्थ कळतो. ज्यांना बारीक आयकॉन दिसत नाहीत, त्यांनी याच पद्धतीने टॉर्च जोडावा.

तिसरं औषधाचं, आणि इथे जरा थांबायला हवं. सकाळी साडेआठला गोळीची आठवण करायला फोन उत्तम. पण माझ्या एका मित्राने पुढची पायरी गाठायची ठरवली: साडेआठ वाजले की मुलाला आपोआप मेसेज, 'आईने गोळी घेतली.' मी म्हटलं, अरे, फोनला फक्त साडेआठ वाजल्याचं कळतं. गोळी पोटात गेली की पाकिटातच राहिली, हे त्याला कुठून कळणार? हा तर खोटा रिपोर्ट झाला. वहिनी आजारी पडल्या तरी मुलाला रोज 'सगळं ठीक' हाच मेसेज जात राहील. आता ती आठवण आधी वहिनींच्या फोनवर येते; गोळी घेतल्यावर त्या स्वतः बटण दाबतात, तेव्हा मेसेज जातो. बटण दाबलं नाही तर मुलगा फोन करतो.

हाच नियम माझ्या बॅटरीच्या मेसेजलाही लागू आहे. रेंज नसेल तर तो जाणार नाही. म्हणून मुलीला सांगून ठेवलंय, मेसेज आला नाही म्हणजे बाबा ठीक आहेत, असं समजायचं नाही. रात्री नऊचा फोन चालूच ठेवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओटीपी आला की तो आपोआप मुलाकडे जावा, असा शॉर्टकट करता येतो. परगावी असलेली मुलं आपले बँकेचे व्यवहार सांभाळतात, त्यांना तो सोयीचाही वाटतो. कृपा करून करू नका. ओटीपी म्हणजे त्या क्षणी तुमचा होकार. तो आपोआप जायला लागला की तुमचा होकार तुमच्या हातात राहिला नाही. ठगसुद्धा नेमकं हेच करतात: केवायसीच्या नावाखाली ॲप टाकायला लावतात, एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि तुमचे ओटीपी त्यांच्याकडे पोहोचतात. तसं काही घडलं तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा. दुसऱ्याने पाठवलेला तयार शॉर्टकटही आधी उघडून, ओळ न् ओळ वाचून मगच घ्या. आणि जिवावरचा प्रसंग आला तर शॉर्टकट शोधत बसू नका, सरळ 112 लावा.

फौजेत नेहमीच्या कामांना स्टँडिंग ऑर्डर असते, पण गोळी चालवायची की नाही हे तिथे उभा असलेला माणूसच ठरवतो. फोनचंही तसंच ठेवा. आठवण करणं, उघडणं, कळवणं हे त्याच्याकडे. पैसा, होकार आणि 'मी ठीक आहे' हा निरोप आपल्याकडे.

या आठवड्यात एकच शॉर्टकट करा. घरच्यांना तो दाखवा, बंद कसा करायचा तेही शिकवा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला चालतोय ना, हे तपासा. संत्री जागा आहे की नाही, हे पाहायला आम्हीही रात्रीची फेरी मारत होतोच.