डॉक्टरांशी बोलताना

मुलाच्या मानेला गाठ आली की भाईंदरच्या जेसल पार्कातलं घर आधी जवळचा दवाखाना गाठतं. बहुतेक गाठी घसा किंवा दात दुखल्याने येतात आणि जातात. पण गाठ महिनाभर हटली नाही, ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि उतरतं वजन सोबत असलं, तर आपल्याकडे पहिला संशय टीबीवर जातो. तो अवाजवी नाही. मात्र तपासणीविना टीबीच्या गोळ्या सुरू होत असतील तर सरळ विचारा, "डॉक्टर, बायोप्सी करून घ्यायची का?" कारण अशी गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचीही असू शकते. सुईने काढलेल्या थोड्या पेशींवर लिम्फोमाचा प्रकार पुष्कळदा ठरत नाही, शक्यतो अख्खी गाठ काढून तपासतात. निदानाआधी स्टेरॉइड दिलं तर गाठ बसते खरी, पण निदान अडतं.

लिम्फोमा निघाला, तर प्रकार विचारा. हॉजकिन असेल तर चांगल्या केंद्रात दहातली नऊ मुलं बरी होतात. बर्किट असेल तर गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. तिथे "परीक्षा संपू दे, मग बघू" चालत नाही. मुलगा वयात आला असेल तर उपचाराआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दलही विचारा. हा विषय काढायला आपण लाजतो, आणि वेळ निघून जाते.

परळचं टाटा रुग्णालय 1941 पासून आहे. तिथल्या गर्दीत डॉक्टरांना वेळ थोडा मिळतो, म्हणून प्रश्न वहीत लिहून न्या. खर्चाचं समाजसेवा विभागात बोला, रेशनकार्ड जवळ ठेवा. मुलाला सोप्या शब्दांत खरं सांगा. आजी "त्याला कळू देऊ नका" म्हणते, पण केस गळायला लागले की त्याला कळतंच.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आपल्या अंतराचा. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना 100.4 अंश फॅरनहाइट ताप म्हणजे तातडी. सलाइनमधून अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हायला हवं. रात्री दोनला भाईंदरहून परळ गाठेपर्यंत तो तास निघून जातो. तेव्हा पहिल्या केमोच्या दिवशीच विचारा, "ताप आला तर जवळच्या कुठल्या रुग्णालयात जाऊ? त्यांच्यासाठी चिठ्ठी द्याल?" ती चिठ्ठी फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.