आजीने पाहिलेला चेंडू

१९९६ सालची दिवाळीची सुट्टी. आमचे गिरीज तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जहाजावर नोकरीला असलेला मामा अमेरिकेच्या बंदरावरून आला आणि त्याने ट्रंकेतून एक लाल-काळा डबा काढला. पाणबुड्याच्या चष्म्यासारखे तोंड, खाली दोन पाय. नाव ‘व्हर्च्युअल बॉय’. त्यात डोळे खुपसायचे, मुठीत कळा धरायच्या, की आत टेनिसचा सामना सुरू!

मामाला तो स्वस्तात मिळाला होता, कारण तोवर त्याचा बाजार उठला होता. तो काढणारे गुनपेई योकोई काही लहान असामी नव्हते. १९८९ चा जगप्रसिद्ध ‘गेम बॉय’ त्यांचाच. पण जुलै १९९५ मध्ये जपानात निघालेला हा खेळ वर्षभरही तगला नाही. सुमारे ७ लाख ७० हजार डबे खपले, अवघे २२ खेळ निघाले. मान अवघडते, डोळे शिणतात, अशी गिऱ्हाइकांची ओरड झाली. शिवाय सगळे चित्र तांबडेच. तांबडे दिवे स्वस्त पडत, विजही कमी खात.

आत पडदा नव्हताच. दर डोळ्यासाठी २२४ बारीक दिव्यांची एकेक उभी ओळ, आणि पुढे थरथरणारा आरसा. आरशाच्या वेगामुळे ती ओळ पसरून सबंध चित्र दिसे. दोन डोळ्यांची चित्रे किंचित निराळी. मेंदू त्यांची सांगड घाली, आणि चेंडू लांबून अंगावर येई. शिक्षकबंधूंनी मुलांना एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला सांगावे, म्हणजे या सांगडीची किंमत कळेल.

आमच्या पडवीत डबा चौरंगावर, चौरंगाखाली पालथी पायली. पाहणार एक आणि ताटकळणारे सात! मग पाहणाऱ्यानेच ओरडून सांगायचे, “आला, आला... गेला!” बाकीचे ऐकूनच टाळ्या पिटत. रेडिओवर क्रिकेट ऐकतात ना, अगदी तसेच.

एकदा आजीलाही बसवले. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.

“चेंडू अंगावर येतोय ना, आजी?”

“नाही रे बाबा. भिंतीवर पाल सरकावी तसा सरकतोय.”

आम्ही खो-खो हसलो. तिला खेळ समजत नाही, असे मी बेधडक म्हणालोसुद्धा. ती गुपचूप उठली आणि वाती वळत बसली. पुन्हा कधी डब्याजवळ आली नाही, लांबूनच विचारी, “कुठवर आला रे चेंडू?”

पुढच्या वर्षी तिचे ऑपरेशन झाले. नवा चष्मा आला त्या संध्याकाळी तिनेच डबा मागितला. सेल केव्हाच संपले होते. वाण्याकडून सहा नवे आणले, पायली पालथी घातली. बराच वेळ ती काही बोलेना. मग एकाएकी मान मागे घेत म्हणाली, “अगो बाई! नाकावर आला की मेला!”