करवंदीची जाळी

वैशाखाच्या उन्हात पानांच्या द्रोणांतून करवंदे विकणाऱ्या बायका ज्याने पाहिल्या नाहीत, असा मराठी माणूस विरळाच. ‘डोंगरची काळी मैना’ हे त्या फळाचे लाडके नाव. परंतु ज्या जाळीत ते फळ पिकते, तिच्या वाट्याला मात्र कौतुक सहसा येत नाही. वाटसरूचे वस्त्र फाडणारी आणि शेताचा बांध अडवणारी ही काटेरी झुडपे कोयत्यासाठीच जन्माला आली, अशी लोकांची समजूत असते.

या जाळीची सख्खी बहीण सह्याद्रीपासून शेकडो कोस दूर, चेन्नईच्या ऐन वस्तीत भेटते. ‘कॅरिसा स्पायनेरम’ हे तिचे शास्त्रीय नाव. गिंडीचे रान हे एके काळी गव्हर्नरांचे राखीव रान होते. राजभवनाचा परिसर त्याच रानातला आणि 1959 मध्ये स्थापन झालेली तंत्रविज्ञान संस्थाही त्यातच वसली. उरलेल्यापैकी सुमारे 2.7 चौरस किलोमीटर क्षेत्र 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. मोठ्या नगरीच्या पोटात असे रान असणे हे दुर्मिळ भाग्यच होय.

प्रथमदर्शनी मात्र हे रान निराश करते. ‘अरण्य’ म्हणताच डोळ्यांपुढे उभे राहणारे उंच वृक्ष येथे थोडे. खुरटी, दाट, काटेरी झुडपेच फार. पण हा भूमीचा दरिद्रीपणा नव्हे. या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि त्यानंतर कित्येक महिने आकाश कोरडे असते. अशा हवामानाला जाड, चिवट पानांची सदा हिरवी झुडपेच मानवतात. करवंदी, माकडलिंबू ही त्यांतली काही. अशा भूमीला ‘पडीक’ ठरवून तिच्यावर कुऱ्हाड चालवली गेली, त्यामुळे कोरोमंडल किनाऱ्यावर या वनाचे आता तुकडेच उरले आहेत.

करवंदीचे कार्य तिच्या काट्यांतच दडलेले आहे. जाळीवर बुलबुल येऊन बसतात, तिची फळे खातात आणि अन्य झाडांची बीजे विष्ठेवाटे तिच्या मुळाशी टाकतात. उघड्यावर रुजलेले कोवळे रोप चितळांच्या तोंडी पडते. जाळीच्या आत रुजलेले मात्र वाचते. तेथे सावली असते, पाचोळ्याची ओल असते आणि भोवती काट्यांचा पहारा असतो. कालांतराने ते रोप जाळीच्या डोक्यावरून वर निघते. रानातला एखादा डेरेदार वृक्ष अशाच एखाद्या जाळीच्या कुशीत वाढलेला असतो.

मग काटेरी ते सारेच चांगले काय? तसे मुळीच नाही. घाणेरीही काटेरी आहे, तिचीही फळे पाखरे खातात. पण अमेरिका खंडातून आलेली ही वनस्पती 19 व्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी भारतात लावली गेली आणि पुढे रानोमाळ पसरली. तिची पाने गुरांना विषारी असल्याने तिला चरून आवर घालणारे येथे फारसे कोणी नाही. तिच्या गर्दीत स्थानिक रोपे गुदमरतात.

करवंदीलाही मर्यादा आहेच. गिंडीतल्या काळविटांना मोकळे गवताळ माळ लागतात. झुडपे माळावर चढू लागली, की वेगाने धावून जीव वाचवणाऱ्या त्या प्राण्याला धावायला जागा उरत नाही. म्हणून रान राखणाऱ्याला दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो: जाळी कोठे राहू द्यायची आणि माळ कोठे मोकळा ठेवायचा. सरसकट तोड जितकी घातक, तितकेच सरसकट दुर्लक्षही घातक.

महाराष्ट्रातही बांधावरच्या करवंदीच्या जाळ्या हटून तेथे तारेची कुंपणे उभी राहत आहेत. तार गुरे अडवते, हे खरे. परंतु तारेला चांदण्यांसारखी शुभ्र, सुगंधी फुले येत नाहीत, तिच्यात बुलबुल घरटे बांधत नाही आणि तिच्या आडोशाला उद्याचा वृक्ष वाढत नाही. कोयता उचलण्यापूर्वी शेतकऱ्याने एवढा विचार जरूर करावा.