मरणाच्या घरची सावड

(अमरावती-अकोला जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, विजेचं बिल आहे. त्यांच्याखाली 'मरणाच्या घरी आपण काय करायचं' हा विषय वाचून दोघातिघांनी मला विचारलं, ही शेतकऱ्यांची बैठक आहे की भजनी मंडळ? प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशेबानंच देतो.

कोरडवाहू कास्तकाराच्या घरी पैसा केव्हा येतो? मृगात पेरायचं, दसरा-दिवाळीला पहिली वेचणी, आणि उलंगवाडी होईपर्यंत जो काही चुकारा हाती पडेल तो. पैसा येतो दोन-तीन महिने, खर्च मात्र बाराही महिने चालू. आजारपण काही हंगाम पाहून येत नाही. घरच्या कर्त्या माणसाला तोंडाचा कॅन्सर निघाला, की आधी तालुका, मग अमरावती-अकोला, मग नागपूर, आणि शेवटी मुंबईचं टाटा. ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनेतून झाला तरी जाणं-येणं, सोबतच्या माणसाचं खाणं, बुडालेली मजुरी, पडीक राहिलेलं वावर याचा हिशेब कोणत्याच योजनेत नाही.

आणि एक दिवस डॉक्टर सांगतो, 'आता घरी न्या.' या वाक्याचा अर्थ आपण काय घेतो? आता करण्यासारखं काही उरलं नाही. मी म्हणतो, खरं काम तिथूनच सुरू होतं. रोग बरा होणार नाही, हे मान्य. पण दुखणं कमी करता येतं, पाठीला जखमा होऊ न देणं हाती असतं, धाप, मळमळ, घाण वास यांवर इलाज असतो. हे कुणी सांगितलं नाही, की घरचे कासावीस होऊन पुन्हा गाडी करतात, कुणी सांगेल त्या इंजेक्शनासाठी दोन एकर गहाण टाकतात. माणूस जातो, वावरही जातं. आत्महत्येचे आकडे आपण मोजतो. या वाटेनं गेलेल्या जमिनीचा आकडा कुणी मोजत नाही. म्हणून हा विषय शेतकऱ्यांच्या बैठकीत आला आहे.

आता हे होऊ शकतं का, ते पाहू. केरळात कोझिकोडला १९९३ साली डॉक्टरांनी वेदनाशमनाचं केंद्र काढलं. त्यांच्या लक्षात आलं, की दवाखान्यात बसून हे काम होणारं नाही. रोगी खाटेवर आहे आणि खाट गावात आहे. १९९९ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावच्या लोकांनीच हे काम अंगावर घेतलं. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, घरच्या बाया यांना १६ तासांचे वर्ग दिले आणि चार वेळा जाणकारांसोबत घरोघरी नेलं. एवढ्या शिक्षणावर स्वयंसेवक तयार झाले. नर्स जखम बघते, डॉक्टर औषध ठरवतो, आणि बाकीचं सगळं गाव पाहतं: घरात दाणे आहेत का, पोरगं शाळेत जातं का, रोग्याशी बोलायला कुणी आहे का. पैसा बहुतेक लोकांच्या छोट्या वर्गणीतून. सरकार मागून आलं. केरळ सरकारचं या विषयाचं धोरण झालं २००८ मध्ये.

कुणी म्हणेल, केरळची गोष्ट वेगळी. तिथे गावाला गाव लागून, परदेशचा पैसा, दवाखाने जवळ. कबूल. खारपाणपट्ट्यात पावसाळी रस्त्यानं नर्सची गाडी पोचत नाही, मेळघाटाची तर गोष्टच सोडा. पण म्हणूनच आपल्याकडे गावातल्या माणसाचीच जास्त गरज आहे. आणि सेवेची परंपरा आपल्याला केरळातून आणायची गरज नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभं केलं, ज्या कुष्ठरोग्यांना घरच्यांनी बाहेर काढलं होतं त्यांच्यासाठी. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावानं दादरला धर्मशाळा चालते. टाटाला गेलेल्या आपल्या किती माणसांनी तिथे पथारी टाकली असेल!

पहिली गोष्ट वेदनेची. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिनची गोळी हे स्वस्त आणि खात्रीचं औषध. ते होतं अफूपासून. अफू पिकवतो कोण? शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचचा शेतकरी, सरकारी परवान्यानं. भाव सरकार ठरवतं, माल सरकार घेतं. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्यांची अशी गुंतागुंत झाली, की डॉक्टर आणि औषधवाले हे औषध ठेवायलाच भ्यायले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. कायदा मोकळा झाला, पण भीती गेली नाही. पिकवणारा शेतकरी, तडफडणारा शेतकरी, आणि मध्ये परमिट! आपल्या चळवळीला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. आपल्या जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची गोळी मिळते का, कोणत्या दिवशी आणि कोण लिहून देतं, हा प्रश्न प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यानं लेखी विचारावा. डॉक्टरच्या सल्ल्यानं दुखण्यासाठी घेतलेल्या गोळीचं व्यसन सहसा लागत नाही, हेही घरोघर सांगावं. मात्र तिनं पोट बांधून येतं, म्हणून सोबत जुलाबाचं औषध मागून घ्यावं.

दुसरी गोष्ट हातांची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. पाठ, माकडहाड, टाचा रोज पाहायच्या. लाली दिसली तर तिथेच सावध व्हायचं, जखमेची वाट पाहायची नाही. तोंड मऊ फडक्यानं पुसायचं. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मरते; 'खा, खा' म्हणून घास कोंबायचा नाही, ठसका लागून तो छातीत जातो. आपल्याच कापसाचा ओला बोळा ओठांना लावत राहायचा. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे त्याच्या घरच्या बाईला मोकळीक देणं. रात्रंदिवस तीच जागते, तिचीच मजुरी बुडते. आठवड्यातून दोन दुपारी दुसऱ्या कुणी खाटेजवळ बसलं, तर ती निंदणाला जाईल, नाहीतर नुसती झोपेल.

याला मी समाजसेवा म्हणत नाही. डवरणी मागे पडली तर आपण एकमेकांच्या वावरात जातो. कुणी सावड म्हणतं, कुणी इर्जिक. ते दान नसतं, ती फेड असते. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. मरण तर प्रत्येक घरी येणार आहे. मग या कामाची सावड का नको?

तिसरी गोष्ट माणूस गेल्यानंतरची. आपल्याकडे तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी सोयरे जातात आणि सावकार येतो. कागदाची वेळही नेमकी तीच असते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत कळवायचं. हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हक्क आहे. दिराच्या किंवा सासऱ्याच्या सांगण्यावरून बाईनं हक्कसोडीवर अंगठा देऊ नये. बँकेचं पासबुक नीट पाहायचं: वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर तो जीवनज्योती विमा आहे, त्याचे दोन लाख मागायचे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला कमावता माणूस गेल्यावर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार आहेत. या गोष्टी रडणाऱ्या बाईला सुचणार नाहीत, आपल्याला सुचल्या पाहिजेत. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या अभियानात शेतकऱ्यांनी जिवंतपणी आपल्या बायकांच्या नावे जमीन केली. ज्यानं ती केली, त्याच्या मागे बाईला तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

चौथी गोष्ट सर्वांत जड. ज्या घरी आत्महत्या झाली, त्या घरी लोक जायला कचरतात. काय बोलावं ते कळत नाही. त्या घरी आधी पंचनामा पोचतो, मग 'पात्र की अपात्र' याची चौकशी. २००५ च्या शासन निर्णयानं एक लाख रुपये ठरले, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. त्या मदतीसाठी बाईनं नवऱ्याचं कर्ज सिद्ध करायचं, त्याच्या मरणाचं कारण सिद्ध करायचं. दुःख करायला तिला वेळ केव्हा मिळतो? आणि वरून गावाचे प्रश्न: तुझ्या लक्षात कसं आलं नाही? हा प्रश्न आपल्यापैकी कुणी विचारायचा नाही, कुणी विचारला तर तिथेच थांबवायचा. गेलेल्याचं नाव घ्यावं, त्याच्या कामाबद्दल बोलावं, लेकरांशी खोटं बोलू नये. आणि पहिल्या महिन्यानंतर, पहिल्या पोळ्याला, पहिल्या पेरणीला, वर्षश्राद्धाला न चुकता जावं.

गावातल्या माणसाला हे जमतं, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून त्यांना घरोघर पाठवलं. आधी उदासीनतेनं आजारी असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षानं सत्तावीस पोचले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. कुणाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचं आलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, आणि १४४१६ हा सरकारचा फुकट फोन त्याच्यासोबत बसून लावायचा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेचा ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद केलं. त्याच महिन्यात सरकारनं बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्या किती गावांनी केलं? त्याला ना अनुदान लागतं, ना पाऊस.

आता शेवटचा आक्षेप. 'हे सरकारचं काम आपण का करायचं? आपण केलं की सरकार सुटतं.' मला तसं वाटत नाही. ज्यानं खाटेजवळ बसून पाहिलं आहे, त्यालाच काय मागायचं ते नेमकं कळतं. गोळी, नर्स, गादी, रस्ता. नेमक्या मागणीला सरकारला उत्तर द्यावं लागतं. मोघम मागणीला फक्त आश्वासन मिळतं. आणि भावाची लढाई याच्यामुळे थांबत नाही. घामाचा दाम मिळाला असता तर निम्मी घरं या दशेला आलीच नसती, हे आपण उद्याही म्हणू, परवाही म्हणू.

म्हणून ठराव एवढाच मांडतो. प्रत्येक गावातून एक बाई आणि एक माणूस, दोन नावं. पेरणीच्या आधी, मे महिन्यात, तालुक्याला दोन दिवसांचा वर्ग. शिकवायला सरकारी दवाखान्यातली नर्स आणि एक तलाठी बोलवा. गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती, याची यादी पुढच्या बैठकीला आणा. यादीत आकडा नको, घरं हवीत. नावं लिहून घ्यायला वही त्या टेबलावर ठेवली आहे.