बंद पर्याय उघडण्यापूर्वी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवात आपल्याकडे इतिहासावर, संतांवर, आरोग्यावर व्याख्याने होतात. यंदा कार्यकारिणीने मला संगणकावर बोलायला सांगितले. विषय ऐकून काही जण चहाच्या टेबलाकडे वळतील, याची मला कल्पना आहे. पण मी मुद्दाम एक लहानसा विषय घेतला आहे: संगणकात एखादी सोय मुळातच बंद करून ठेवलेली असते, ती कशी उघडायची आणि कधी उघडू नये.

आज आपल्या बहुतेक घरांत विंडोज किंवा मोबाईलवर अँड्रॉइड असते. त्याशिवाय लिनक्स नावाची एक प्रणाली आहे. ती मोफत मिळते आणि तिचा मूळ मजकूर कुणीही वाचू शकतो. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, त्यांतला एक जेन्टू. जेन्टू हे वेगाने पोहणाऱ्या एका पेंग्विनचे नाव. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती 2002 साली निघाली. बाकीच्या ठिकाणी कार्यक्रम तयार डब्यात मिळतो. जेन्टूत धान्य मिळते, दळण आपल्या घरच्या जात्यावर. म्हणजे मूळ मजकूर उतरवून घ्यायचा आणि आपल्याच संगणकावर त्याचा कार्यक्रम घडवायचा. हे काम करणाऱ्या व्यवस्थापकाला पोर्टेज म्हणतात.

दळण घरी असले की जाड की बारीक, हे आपण ठरवतो. पोर्टेजमध्ये त्यासाठी 'यूज फ्लॅग' असतात. प्रत्येक फ्लॅग म्हणजे एक होय-नाहीचा प्रश्न: छपाईची सोय हवी का? आवाजाची हवी का? ब्राउजरला जोडायचा प्लगिन हवा का? या शेवटच्या प्रश्नाचे नाव होते 'एनएसप्लगिन'. जावा बसवताना हा फ्लॅग चालू असला, तर ब्राउजरच्या आत जावाचे कार्यक्रम चालायचे.

आपल्याकडे याचा संबंध कुठे आला? डिजिटल सहीशी. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. पुढे ठेकेदारांच्या ऑनलाइन निविदा, प्राप्तिकराची विवरणपत्रे यांवर यूएसबी टोकन लावून सही होऊ लागली. टोकन संगणकाला जोडलेले आणि अर्ज ब्राउजरमध्ये. या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे बऱ्याच वेळा जावाचा प्लगिन. तो बंद असला की सगळे कागद तयार असूनही सही उमटायची नाही.

आता असा पर्याय बंद दिसला तर काय करायचे? जेन्टूत बसवण्याआधी यादी पाहता येते. फ्लॅगच्या आधी उणे चिन्ह असेल, तर तो बंद आहे. पण बंद असण्याचेही दोन प्रकार आहेत आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

पहिला प्रकार साधा. नुसते उणे चिन्ह. कुणी मागितले नाही म्हणून दिले नाही. अशा वेळी 'पॅकेज-डॉट-यूज' नावाच्या फाईलमध्ये कार्यक्रमाचे नाव आणि पुढे फ्लॅगचे नाव लिहायचे आणि तो कार्यक्रम पुन्हा घडवायला सांगायचा. फाईलमध्ये नुसते लिहून काही होत नाही. दळण पुन्हा दळावे लागते. आणखी एक काळजी घ्यायची. हाच फ्लॅग सगळ्या संगणकासाठीही चालू करता येतो, पण तसे करू नये. ज्या एका कार्यक्रमाला हवा, त्यालाच द्यावा. पाहुण्यासाठी बैठकीचे दार उघडतो, तेव्हा आपण कोठीघराचेही उघडून ठेवत नाही.

दुसऱ्या प्रकारात उणे चिन्हासकट फ्लॅगभोवती कंस असतो. कंसाचा अर्थ असा की हा निर्णय तुमच्याकडे ठेवलेला नाही. प्रणाली सांभाळणाऱ्यांनी या जातीच्या संगणकासाठी तो झाकला आहे. तुम्ही 'पॅकेज-डॉट-यूज'मध्ये कितीही लिहा, उपयोग होत नाही. झाकण काढण्याचा रस्ता आहे. वेगळ्या फाईलमध्ये त्या फ्लॅगचे नाव उणे चिन्ह लावून लिहिले की मनाई उठते. पण त्याआधी झाकण कुणी आणि का ठेवले, ते वाचायचे. त्या यादीत बहुधा कारणही लिहून ठेवलेले असते.

कारण कसे असू शकते पाहा. एके काळी जावाचा प्लगिन फक्त 32 बिटचा मिळत असे आणि लोकांचे नवे ब्राउजर 64 बिटचे झाले होते. 64 बिटचा प्लगिन जावा सहाच्या बाराव्या अपडेटमध्ये आला. तोपर्यंत मनाई उठवली तरी प्लगिन ब्राउजरमध्ये बसणारच नव्हता. लोधीखेड्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या स्टेशनावरून कित्येक वर्षे छोटी लाईन धावली. 2015 मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. छोट्या लाईनचा डबा मोठ्या लाईनवर कुणी कितीही ढकलला तरी चालत नाही. तिथे अडवणारा माणूस आपला वैरी नसतो.

दुसरे कारण सुरक्षेचे. ब्राउजरमधल्या प्लगिनला संगणकात फार आतपर्यंत हात घालता यायचा. सही उमटवायला ते सोयीचे, तसेच चोरालाही सोयीचे. जानेवारी 2013 मध्ये जावात अशी भगदाडे सापडली की अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणेने लोकांना ब्राउजरमधला जावा बंद ठेवायला सांगितले. क्रोमने एप्रिल 2015 मध्ये असे प्लगिन आधी बंद केले. तेव्हा एक आडवाटेची सेटिंग बदलून ते पुन्हा चालू करता येत. सप्टेंबरमध्ये ती वाटही गेली. फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये फ्लॅशखेरीज बाकीचे बंद केले. 2020 च्या अखेरीस फ्लॅशही संपला. आता सहीसाठी संगणकावर वेगळा छोटा कार्यक्रम बसवतात आणि संकेतस्थळ त्याच्याशी बोलते.

तरीही एखाद्या जुन्या कामासाठी जुना प्लगिन लागलाच, तर त्या कामापुरता वेगळा ब्राउजर, जमल्यास वेगळा संगणक ठेवावा. त्यावर बँक उघडू नये, ईमेल वाचू नये. काम झाले की बंद करावा.

मंडळी, तुम्ही म्हणाल, आम्हाला जेन्टू बसवायचे नाही, मग हे आम्हाला कशाला? पण तुमच्या हातातल्या मोबाईलमध्येही असाच एक कंस आहे. अधिकृत दुकानाबाहेरचे अ‍ॅप बसवायची परवानगी अँड्रॉइडमध्ये मुळात बंद असते. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' म्हणून एक फाईल येते, जिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. दाबली की मोबाईल आधी अडवतो, इशारा देतो. आपण लग्नाच्या उत्साहात परवानगी देतो आणि बँकेचे संदेश परक्याच्या हाती जातात. लग्नपत्रिका वाचायला कुठलेही अ‍ॅप बसवावे लागत नाही, एवढे घरातल्या प्रत्येक आजी-आजोबांना आज सांगा. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

आणि मुलांनो, तुम्ही घरचे तंत्रज्ञ आहात. आजोबांनी फोन पुढे केला की तुम्ही पटापट 'अलाव' दाबता. पुढच्या वेळी थांबा आणि त्यांना विचारा: हे कुणी सांगितले? फोनवरच्या अनोळखी माणसाने सांगितले असेल, तर पर्याय बंदच राहू द्या. खरेच कामाचे असेल, तर त्या एका कामापुरता उघडा आणि काम झाल्यावर बंद केला का, तेही पाहा. आजोबांना नुसते करून देऊ नका, दाखवूनही द्या. तुम्ही नागपूरला किंवा पुण्याला शिकायला गेलात की फोन त्यांच्याच हातात असणार आहे.

आपण गणपतीला विघ्नहर्ता म्हणतो. जुनी माणसे त्याला विघ्नेश्वरही म्हणतात, म्हणजे विघ्नांचा स्वामी. काही विघ्ने दूर करायची असतात, काही आपल्या भल्यासाठी वाटेत ठेवलेली असतात. कोणते कुठले, हे ओळखण्याची बुद्धी त्याच्याकडे मागूया.

ज्यांना मोबाईलमधली ती परवानगी तपासून हवी असेल, त्यांनी आरती झाल्यावर मला मंडपातच भेटावे. गणपती बाप्पा मोरया!