दवाखान्याचे दार बदलताना : सिकलसेल आणि आपली वयात येणारी मुले

(संस्थेच्या बेसा येथील मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारी, कला शाखेत शिकलेली साधी माणसे आहोत. तरीही आज सिकलसेलवर बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण हा आजार आपल्या विदर्भात घरोघरी माहीत आहे आणि तरीही घरोघरी लपवला जातो.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद प्रसिद्ध केली. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल असते व सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी पडते. या पेशी बारीक नसांत अडकल्या की हाडे ठणकू लागतात. १९५८ साली डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. म्हणजे आपल्या भागातील हा प्रश्न जगाला कळून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

हा कोणाच्या कर्माचा दोष नाही आणि कोणत्याही जातीचा कलंक नाही. ज्या मुलखात हिवतापाने माणसे मरत, तेथे सिकलसेलचा एकच जनुक असलेला वाहक हिवतापाच्या जीवघेण्या तडाख्यातून अधिक वाचत असे. म्हणून तो जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, आदिवासी पट्ट्यात आणि आपल्यातही तो आहे, त्याचे कारण हेच.

पूर्वी अशी पुष्कळ मुले शाळेत जाण्याआधीच दगावत. आज लहानपणी पेनिसिलीन, न्यूमोनियाची लस, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया मिळाले तर चित्र बदलते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र त्रास असलेल्या मुलांना हायड्रॉक्सीयुरियाची कमी मात्राही उपयोगी पडते, असे त्यात दिसून आले. मुले वाचू लागली, मोठी होऊ लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण येथूनच आजचा आमचा विषय सुरू होतो.

मूल लहान असते तेव्हा बालरोग विभागातील डॉक्टर त्याला नावाने ओळखतात. आई तारीख लक्षात ठेवते, बाबा रजा काढून नेतात, गोळी हातावर ठेवली जाते. मग एक दिवस सांगतात, "आता तुमचा मुलगा मोठा झाला, मेडिसिनच्या ओपीडीत जा." ही वयोमर्यादा सगळीकडे सारखी नाही. नवीन दारापाशी लांब रांग असते, डॉक्टर अनोळखी असतात आणि प्रश्न थेट मुलाला विचारले जातात. मुलाला आपल्या औषधाचे नावही सांगता येत नाही. दोन खेपा तो जातो, तिसऱ्या खेपेस जात नाही. दुखत नाही तर कशाला जायचे, असे त्याला वाटते.

हा केवळ आमचा अंदाज नाही. अमेरिकेतील डॅलस येथे जन्मापासून पाहणीखाली असलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. बालपणातील मृत्यू खूप कमी झाले होते, परंतु अलीकडचे बहुतेक मृत्यू १८ वर्षांपुढील, प्रौढ विभागात नुकत्याच गेलेल्या रुग्णांचे होते. जे मूल आईबापांनी अठरा वर्षे जपले, ते दार बदलताना हातचे जाऊ शकते, असा याचा अर्थ. आतड्यांचा जुनाट दाह, थॅलेसेमिया, लहानपणापासूनचा मधुमेह, अशा सर्व जन्मभराच्या आजारांत हाच धोक्याचा काळ असतो.

आमच्या बँकेत अज्ञान मुलाचे खाते पालक चालवतात. मुलगा अठरा वर्षांचा झाला की पालकाची सही चालत नाही, मुलाच्या सहीचा नवा नमुना घ्यावा लागतो. पण दहा वर्षांपुढील मुलाला मर्यादेत राहून स्वतःचे खाते चालवण्याची मुभा असते, म्हणजे अठराव्या वर्षी त्याचा हात थरथरत नाही. आरोग्याचेही तसेच करावे.

बाराव्या-तेराव्या वर्षापासून मुलाला स्वतःच्या आजाराचे नाव, रक्तगट, नेहमीचे हिमोग्लोबिन, औषध व मात्रा पाठ करू द्या. डॉक्टरांशी थोडा वेळ त्याला एकट्याने बोलू द्या. सर्व कागद एका फाइलमध्ये लावा आणि बालरोग विभाग सोडताना उपचारांचा सारांश लिहून मागा. १०१ अंशांवर ताप, छातीत दुखून धाप लागणे, एकाएकी हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर घरी थांबायचे नाही, हे त्याला झोपेतही सांगता आले पाहिजे. मोठेपणी खुबा, डोळे व मूत्रपिंड यांची तपासणी लागते. लग्नानंतर मूल हवे असेल तर हायड्रॉक्सीयुरियाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

लग्नाचा विषय निघाला की घरात कुजबुज सुरू होते. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पत्रिका जुळवण्यापेक्षा रक्ततपासणीचा कागद पाहा. मुलीचा आजार लपवून तिला सासरी पाठवले, तर तिची गोळी तेथे चोरून घ्यावी लागते आणि पुढे बंदच पडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. नोकरीतील ४ टक्के आरक्षणात मात्र रक्तविकार नाहीत, आणि यासाठी आवाज उठवणे हे संघटनांचे काम आहे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचा भर आदिवासी भागावर आहे. आपल्या वस्तीतील रुग्ण मोजणीबाहेर राहू नयेत, हे आपणच पाहायचे. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी आयुष्य वेचले व २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एक माणूस किती करू शकतो, हे त्यांनी दाखवले.

संस्थेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. चौदा ते पंचवीस वयाच्या रुग्णांची, त्यांच्या संमतीने व नाव गुप्त ठेवून, नोंद करावी. प्रौढ विभागातील पहिल्या तीन भेटींना सोबत जाणारा एक कार्यकर्ता प्रत्येकाला द्यावा. वर्षातून दोन रक्तदान शिबिरे घ्यावीत. याला फार पैसा लागत नाही, वेळ लागतो. तो देण्यास आम्ही तयार आहोत, आपणही पुढे यावे, ही विनंती.

जयभीम!