कुलूप मजबूत, कोयंडा कच्चा



दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. गावी जायची तिकिटं काढून झाली असतील. निघताना आपण दाराला कुलूप लावू, दोन-तीनदा ओढून पाहू आणि निश्चिंत मनानं जिना उतरू. त्या कुलपाविषयीच आज बोलायचं आहे.

घरफोडीत कुलूप बऱ्याचदा तुटतच नाही. पोलिसांकडच्या फिर्यादींत ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात, ते उगीच नाही. आपण पैसे मोजून सात लिव्हरचं कुलूप आणतो आणि अडकवतो बिल्डरनं बसवून दिलेल्या कोयंड्यात. तो कोयंडा चौकटीला धरून असतो लहान लहान स्क्रूंवर. चोर कटावणीचं टोक फटीत घालतो, अंगाचा भार देतो आणि कोयंडा स्क्रूंसकट उपसून येतो. महागाचं कुलूप त्याला शाबूत लटकत राहतं. म्हणून सुताराला बोलवा, गावी जायच्या आधी. आरपार बोल्ट घालून, नट आतल्या बाजूला आवळून कोयंडा बसवून घ्या. चौकट वाळवीनं पोखरलेली असेल तर आधी ती बदला. काम एका दुपारचं आहे.

त्याहून चांगलं म्हणजे दारातच बसवलेलं कुलूप, ज्याची जीभ चौकटीत शिरते. त्याचा आणखी एक फायदा आहे. बाहेर लोंबणारं कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतं की आत कोणी नाही. आतल्या कुलपावरून ते कळत नाही.

घर रिकामं आहे की नाही, चोराला नेमकं हेच कळायला हवं असतं. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक माणसं झोपलेली असताना भिंत फोडून आत शिरतो, आणि भगदाडाचा आकार कोणता असावा याचाही विचार करतो. आजच्या घरफोड्याला एवढी उसंत नसते. त्याला रिकामं घर हवं असतं आणि मध्ये कोणी येणार नाही अशी काही मिनिटं. आधी तो बेल वाजवतो. कोणी दार उघडलंच तर भलत्याच आडनावाच्या माणसाचं घर विचारतो आणि खाली उतरतो. दारात साठलेली वर्तमानपत्रं, जाळीत तसेच अडकून राहिलेले जाहिरातींचे कागद, रात्री सलग अंधारलेली गॅलरी, हे सगळं तो वाचतो. आणि सोशल मीडियाही. प्रवासाचे फोटो तिथं परतल्यावर टाकले तरी आपले नातेवाईक तितक्याच कौतुकानं पाहतील.

किल्लीचंही सांगायला हवं. चपलांच्या कपाटात, मीटरच्या पेटीवर, तुळशीच्या कुंडीखाली किल्ली ठेवायची आपली जुनी सवय आहे, आणि ती चोरालाही ठाऊक असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घरफोडीची उदाहरणं दिलेली आहेत. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिनं दार उघडून कोणी बेकायदा आत शिरलं, तर तीही घरफोडीच, असं त्यातलं एक आहे. कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण किल्ली कुंडीखालून काढून शेजारच्या काकूंच्या हातात तुम्हालाच द्यावी लागेल.

शेजाऱ्यांना चोर किती घाबरतो, याचा पुरावा तो स्वतःच देतो. मजल्यावरचं एक घर फोडण्याआधी बाकीच्या दारांना बाहेरून कड्या घालणाऱ्या टोळ्या आहेत. खुडबुड ऐकून कोणी उठलंच, तर त्याला बाहेर पडता येऊ नये! बाहेरची कडी काढून टाका किंवा तिला आतून सोडवता येईल अशी सोय करा. आणि मजल्यावरच्या सगळ्यांचे फोन नंबर प्रत्येक घरात असू द्या. कडी लागली तरी फोन लागतो.

इंग्लंडमध्ये रॉचडेल गावात कर्कहोल्ट नावाची वस्ती आहे. 1980च्या दशकात तिथं घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं की एकदा फुटलेलं घरच पुन्हा फुटतं. मग त्यांनी अशा घरांवर भर दिला. तिथल्या घरांत नाणी टाकून चालणारे मीटर होते, चोरांना ती नाणी आयती मिळत. ते मीटर काढले. दारं-खिडक्या भक्कम केल्या. आणि चोरी झालेल्या घराभोवतीच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायची विनंती केली. अख्ख्या वस्तीला नाही, फक्त लगतच्या घरांना. काही वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे 75 टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे तर वाटीभर साखरेची देवघेव अजून टिकून आहे. पाच-सहा घरांची ही फळी उभारायला आपल्याला कितीसा वेळ लागणार?

गावाहून परतलात आणि दार उघडं दिसलं, तर आत धावू नका. चोर आत असू शकतो, आणि सोन्यापेक्षा तुमचा जीव मोलाचा आहे. खाली उतरा, 112 ला फोन करा. पंचनामा होईपर्यंत कपाटाला हात लावू नका, बोटांचे ठसे पुसले जातील. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या आधीच काढून दुसरीकडे ठेवलेल्या असतील तर फिर्याद नीट लिहिता येते आणि मुद्देमाल सापडल्यावर तो आपलाच हे दाखवता येतं.

आणि पंचनामा संपला की त्याच दिवशी दार दुरुस्त करून घ्या. मोडकी चौकट आठवडाभर तशीच ठेवू नका. ज्याला तुमच्या घरातली वाट कळली आहे, तो ती विसरलेला नसतो.